बैठक वेळेत संपवायची तर

बैठक लांबते ती बहुधा किरकोळ विषयांवर. ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ च्या पुस्तकात एक काल्पनिक समिती रंगवली आहे. एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर, आणि सायकलींच्या शेडवर मात्र पाऊण तास चर्चा! कारण शेडबद्दल प्रत्येकालाच काही ना काही बोलता येतं.

म्हणून विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे मिनिटं लिहा, वजनदार विषय आधी घ्या. दहाची बैठक दहालाच सुरू करा. उशिरा आलेल्यांसाठी झालेलं पुन्हा सांगत बसणं हा वेळेवर आलेल्यांवर अन्यायच आहे, अगदी रोजचा. शेवटची पाच मिनिटं अध्यक्षांनी राखून ठेवावीत. कोणतं काम कोणाकडे, कधीपर्यंत, हे तेव्हाच इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.