फतेह मैदानावरून लंडनपर्यंत

हैदराबादच्या आबिड्स पेठेस ज्याचे नाव पडले, तो आल्बर्ट आबिद सहाव्या निजामाच्या पदरी असलेला एक आर्मेनियन सेवक होता. या पेठेतून बशीरबागेच्या बाजूस थोडे चालत गेले की फतेह मैदान लागते. १९६७ पासून ते लाल बहादूर शास्त्रींच्या नावाने ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीस येथील बॅडमिंटनगृहात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रोज पहाटे येऊ लागली. तिचे नाव सायना नेहवाल.

सायनाचा जन्म १७ मार्च १९९० रोजी हरियाणातील हिसार येथे झाला. वडील हरवीर सिंग कृषिशास्त्रज्ञ. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब हैदराबादेस आले. आई उषाराणी स्वतः बॅडमिंटन खेळलेल्या. शिक्षक नानी प्रसाद यांनी या मुलीतील गुण हेरले खरे. परंतु घर राजेंद्रनगरच्या बाजूस, मैदान वीस-पंचवीस किलोमीटर दूर. पहाटे चारला उठून वडील तिला स्कूटरवरून आणीत. मागे बसलेल्या मुलीस वाटेत डुलकी लागे, म्हणून पुढे आईही तिला धरून मागे बसू लागली. सराव आटोपला की शाळा.

खर्चाची गोष्ट याहून अवघड होती. पिसांचे फूल थोड्याच खेळात झडते, नवे घ्यावे लागते. रॅकेट, बूट, प्रवास हे वेगळेच. पगार पुरेना, तेव्हा वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. स्वीडनमध्ये हँडबॉल खेळू पाहणाऱ्या मुलीस बहुधा गावातच क्रीडामंडळ सापडते; सभासदांची वर्गणी आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर ते चालते. आपल्याकडे मंडळाचे सारे काम घरातील दोन माणसे करतात. ज्या खेळाचे आरंभीचे नियम १८७३ च्या सुमारास आपल्या पुण्याच्या छावणीत बांधले गेले, त्याचीही हीच अवस्था असावी, याचे नवल वाटते.

पुढे एस. एम. आरिफ व नंतर पुल्लेला गोपीचंद यांचे मार्गदर्शन तिला लाभले. मेहदीपट्टणमच्या सेंट अ‍ॅन्स महाविद्यालयात नाव होते. परंतु खरा अभ्यास चालला होता तो जाळ्यापलीकडच्या प्रतिस्पर्ध्याचा. २००८ साली ती बीजिंग ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचली. निर्णायक डावात ११-३ अशी आघाडी असताना तो सामना तिने गमावला. त्याच वर्षी ती कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली, आणि २००९ मध्ये इंडोनेशियात सुपर सीरीज स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय ठरली. बीजिंगचा तो पराभव तिने किती लवकर पचवला, हे यावरून दिसते.

४ ऑगस्ट २०१२ चा लंडनचा सामना श्रोत्यांना आठवत असेल. पहिला डाव चीनच्या वँग शिनने २१-१८ असा जिंकला होता. दुसरा सुरू होतो न होतो तोच तिचा गुडघा दुखावला, तिने सामना सोडला आणि कांस्यपदक सायनाकडे आले. काहींनी त्यास नशिबाचे पदक म्हटले. हे म्हणणे न्यायाचे नाही. त्या सामन्यापर्यंत तिला कोणी उचलून नेले नव्हते.

२०१४ मध्ये ती गोपीचंद यांच्याकडून बंगळूरास विमलकुमार यांच्याकडे गेली. गुरू बदलल्याची चर्चा पुष्कळ झाली. उत्तर खेळानेच दिले. एप्रिल २०१५ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. भारतीय स्त्रीस हे स्थान प्रथमच मिळत होते. त्याच वर्षी जाकार्ता येथील जागतिक स्पर्धेत तिला रौप्यपदकही मिळाले.

मग तिच्या स्वतःच्या गुडघ्याची पाळी आली. २०१६ मध्ये रिओ येथे ती गटातच हरली आणि मुंबईस शस्त्रक्रिया झाली. तरीही २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने हैदराबादच्याच पी. व्ही. सिंधूस अंतिम सामन्यात हरवून सुवर्णपदक मिळविले. जानेवारी २०१९ मध्ये जाकार्ता येथे कॅरोलिना मारिन १०-४ अशी पुढे असताना गुडघा दुखावून खाली कोसळली, आणि विजेतेपद सायनाला मिळाले. लंडनचाच प्रसंग पुन्हा घडला.

२०२३ च्या सिंगापूर स्पर्धेनंतर ती स्पर्धांपासून दूर राहिली. २०२४ मध्ये तिने संधिवाताची गोष्ट सांगितली. गुडघ्यातील कूर्चा झिजली होती. आठ-नऊ तासांचा सराव आता होण्यासारखा नव्हता, आणि दोन तासांच्या सरावावर पहिल्या प्रतीच्या खेळाडूंपुढे उभे राहता येत नाही, असे तिने स्वच्छ सांगितले.