अंग आंबते म्हणजे काय?



विषय तसा घरगुती आहे. आसने सुटून काही महिने किंवा काही वर्षे लोटलेली असतात. मग एखाद्या पाडव्याला किंवा २१ जूनच्या योगदिनाला उत्साहाची लाट येते, सतरंजी अंथरली जाते, आणि पूर्वी पंचवीस सूर्यनमस्कार घालीत होतो म्हणून आजही पंचवीसच घातले जातात. त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलू लागतात. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. योग पुन्हा सुटतो तो बहुधा याच तिसऱ्या दिवशी, असे आम्ही पाहत आलो आहोत. 'आता वय झाले' असा निकाल माणूस स्वतःच देऊन मोकळा होतो. या निकालाविरुद्ध अपील करण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

मराठीत याला 'अंग आंबणे' म्हणतात. शब्द चतुर आहे, आणि गंमत अशी, की विज्ञानाचा आधार घेऊनही लोक पुष्कळ वर्षे हेच म्हणत राहिले. श्रमाने स्नायूंत दुग्धाम्ल तयार होते हे खरे. स्नायूंतील उष्णता व दुग्धाम्ल यांच्या अभ्यासासाठी हिल आणि मायरहोफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले. त्यावरून दुसऱ्या दिवसाचे दुखणेही त्या आम्लाचेच, असा समज रूढ झाला. परंतु हे आम्ल विश्रांती घेतल्यावर तासाभरात ओसरते, आणि दुखणे सुरू होते दुसऱ्या दिवशी. चोर आदल्या रात्रीच गाव सोडून गेलेला, आणि चोरी दुसऱ्या दिवशी झालेली! हा आरोप टिकायचा कसा?

खरे कारण वेगळे आहे. थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच म्हटले होते, की उशिरा येणारे हे दुखणे थकव्याचे नसून स्नायूंच्या आतील सूक्ष्म इजेचे आहे. आजचे ज्ञानही साधारण त्याच दिशेचे आहे. सवय नसलेल्या स्नायूने ताण सोसत लांब व्हावे लागले, की त्यातील तंतूंना बारीक इजा होते. मग दुरुस्तीचे काम सुरू होते, थोडी सूज येते, मज्जातंतू हळवे होतात. चोवीस ते बहात्तर तासांत दुखणे शिगेस पोहोचते आणि आठवड्याच्या आत जाते. सिंहगड चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे; कारण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू शरीराचा भार झेलीत लांब होत असतो. सूर्यनमस्कारात हात वाकवून छाती जमिनीकडे सावकाश नेतो, तेव्हा दंडांचे आणि छातीचे हेच होते.

आता उपाय. दुखणाऱ्या दिवशी अंथरुणाला खिळून राहू नये. सपाट रस्त्यावर वीसपंचवीस मिनिटे चालावे, सांधे हलके फिरवावेत. त्याने तात्पुरता का होईना, आराम पडतो. गरम पाण्याचे स्नान, शेक, तेल लावून हलक्या हाताने चोळणे हे आजीचे उपाय सुखद आहेत. तेल कोणते, यावर घरोघरी वाद आहेत. आमच्या मते गुण हाताचा अधिक, तेलाचा कमी. हळदीचे दूध ज्यांना रुचते त्यांनी खुशाल घ्यावे, मात्र एका पेल्याकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. डाळ, उसळ, दही हे जेवणात असावे, आणि झोप पुरी व्हावी. शवासनाने थकवा जातो असे हठयोगप्रदीपिकेत सांगितले आहे. पण आपल्याकडे घाई असली, की नेमके तेच गाळतात.

एक गोष्ट मात्र करू नये. दुखतो तो स्नायू जोराने ताणला की मोकळा होईल, ही समजूत फार पसरली आहे. ताणण्याने हे दुखणे टळते किंवा लवकर जाते असे तपासण्यांत दिसले नाही. झाला तर नाममात्र फायदा होतो. हळव्या भागावर जबरदस्ती केली तर दुखापत तेवढी पदरात पडते.

सर्वांत गुणकारी उपाय दुखण्यापूर्वीचा आहे. स्नायूला एकदा थोडा ताण मिळाला, की पुढच्या वेळी तोच ताण त्याला पुष्कळ कमी बाधतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून पंचवीसच्या जागी पहिल्या दिवशी चार नमस्कार, तेही सावकाश. मग एक दिवस सोडून पुन्हा चार. दुखले नाही तर सहा. जुन्या संख्येला पोहोचायला महिना लागला तरी बिघडत नाही. ज्याचे अंग आधीच आंबले आहे त्याने दोनतीन दिवस हलकी आसने करावीत आणि चौथ्या दिवशी निम्म्याने सुरुवात करावी.

मात्र प्रत्येक दुखणे हे नव्हे. आसन करतानाच चमक भरली, सांध्यात दुखले, पाठीतून पायात कळ उतरली, किंवा हातापायाला मुंग्या आल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. आणि श्रमानंतर स्नायू फार सुजून लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. त्यात मूत्रपिंडांना धोका असतो.