नोंदीचे व्याकरण आणि नोंदीचा अर्थ



२०१७ साली जाहीर झालेल्या 'इस्टिओ'ने कंटेनरांचा कारभार पाहणाऱ्या 'कुबरनेटीस'ला 'कस्टम रिसोर्स' या धर्तीच्या नव्या नोंदी शिकविल्या. येथे हुकूम सोडावयाचा नाही. अपेक्षित स्थिती तेवढी लिहावयाची. 'व्हर्च्युअल सर्व्हिस' या नोंदीत सेवेच्या जुन्या आवृत्तीस ९० आणि नवीस १० टक्के विनंत्या लिहिल्या, की नियंत्रक ते प्रत्येक दारातील 'एन्व्हॉय'ला कळवितो.

परंतु नवी आवृत्ती म्हणजे कोणती, हे 'डेस्टिनेशन रूल' या दुसऱ्या नोंदीत असते. ती राहून गेली तरी पहिली स्वीकारली जाऊ शकते. तिचे व्याकरण शुद्धच असते ना! मग दहांतील एका खातेदाराच्या पदरी '५०३' हा नकार पडतो. म्हणून मी दुसरी नोंद आधी पाठवितो, ती सर्वत्र पोहोचेपर्यंत थांबतो, आणि मगच पहिलीला हात लावतो.