उतरवणीचे पैसे कोण देणार?

  आपल्या मंडपवाल्या-फुलवाल्यांच्या संघटनेत अध्यक्षीय भाषणात वर्षभराचा आढावा घ्यायची प्रथा आहे. तो छापील अहवालात आलाच आहे, ज्याला हवा त्याने चहाच्या वेळी वाचावा. तुमच्या अध्यक्षाला एकाच विषयावर बोलायचे आहे. खरे सांगायचे तर त्याने ही खुर्ची तेवढ्यासाठीच घेतली.

लग्नाची सजावट चढताना सगळे बघतात. मालक येतो, मामा येतो, फोटोग्राफर येतो. उतरताना मात्र कोणी नसते. शेवटचा पाहुणा पान खात बाहेर पडतो न पडतो तोच हॉलचा मॅनेजर घड्याळ दाखवू लागतो, कारण सकाळी दुसऱ्यांची हळद असते. मग पोरे सुऱ्याने सुतळ्या कापतात. झेंडूच्या लडी, जर्बेरा, तार, रिबन, जरीचा कागद आणि देठ खुपसायचा हिरवा फोम, सगळे एकाच ताडपत्रीत गुंडाळून टेम्पोत. चढवायला अख्खी रात्र, उतरवायला अर्धा तास. कोटेशनमध्ये फुले असतात, फ्रेम असते, मजुरी असते, गाडीभाडेही असते. उतरवणीची ओळ कुठेच नसते. वापरून फेकायचा फोम या धंद्यात टिकून आहे तो त्या न लिहिलेल्या ओळीमुळे, असे तुमच्या अध्यक्षाचे ठाम मत आहे.

फोमची कुळकथा थोडक्यात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात व्हर्नन स्मिदर्स यांनी 1954 मध्ये हा ठोकळा काढला. तो फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकचाच. पाण्यावर सोडला की स्वतःच पाणी पीत खाली बसतो, देठ खुपसला की हलत नाही. कारागिराला तो आवडला यात नवल नाही. पण एकदा पडलेले भोक बुजत नाही आणि वाळलेला ठोकळा पुन्हा नीट भिजत नाही. एका लग्नापुरतेच त्याचे आयुष्य. कापताना पडलेला चुरा बादलीत, बादली मोरीत, मोरी नाल्यात. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच चुरा तपासला. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले लहान जीव तो गिळतात आणि त्यातून पाझरणारी रसायने जलचरांना विषारी ठरतात, असे त्यांना आढळले. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून चेल्सीसह आपल्या सगळ्या प्रदर्शनांत फोमला बंदी केली.

आपल्याकडे? महाराष्ट्राने 2018 मध्ये सजावटीचा थर्माकोल बंद केला, केंद्राने 2022 मध्ये तो देशभर बंद केला. केंद्राच्या त्या यादीत फुलांच्या फोमचे नाव नाही. त्यामुळे थर्माकोलची मखरे गेली आणि फोमची खोकी गोडाऊनमध्ये तशीच राहिली.

फोम सोडायचा म्हटले की दर बैठकीत तीन वाद होतात. पहिला: फोमशिवाय मोठे काम उभेच राहत नाही. लंडनच्या पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय 1930 च्या दशकापासून कोंबडीच्या जाळीवर मोठमोठी कामे करत होत्या. राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुलेही त्यांनीच सजवली, 1953 साली, म्हणजे फोम जन्माला यायच्या आदल्या वर्षी. पण एवढे लांब कशाला जायचे? कोकणातल्या एका लग्नात घाट बंद पडला आणि तुमच्या अध्यक्षाची फोमची खोकी वरच अडकली. मुलीच्या काकांनी वाडीतला घड काढलेला केळीचा खुंट तोडून आणला. त्याचे हातभर तुकडे केले, बांबूच्या टोकदार काडीने तिरकी भोके पाडली आणि शेवंती, अष्टर, झेंडू बसवले. जर्बेऱ्याचा देठ मऊ म्हणून त्याला काडीचा आधार दिला. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, म्हणून खाली पराती ठेवल्या. वरात निघेपर्यंत एकाही फुलाने मान टाकली नाही. थायलंडमधले लोक लॉय क्रथॉंगच्या सणाला केळीच्या खुंटाच्या चकत्यांवर फुले रचून पाण्यात सोडतात. आपल्या जळगावात तर केळीच्या बागाच बागा. घड उतरला की खुंटाला कोणी विचारत नाही.

दुसरा वाद ‘विघटनशील’ फोमचा. एका विक्रेत्याने तो मातीत मिसळतो अशी ग्वाही दिली. तुमच्या अध्यक्षाने गोडाऊनमागच्या जमिनीत एक ठोकळा पुरला आणि अख्खा पावसाळा जाऊ दिला. दसऱ्याला खणून काढला, तर कोपरेसुद्धा झिजले नव्हते. त्यापेक्षा नारळाच्या काथ्याची वीट बरी. तिच्यात काय आहे ते निदान डोळ्यांना दिसते.

तिसरा वाद पैशाचा, आणि खरी मेख तिथेच आहे. जाळीचा गोळा करून घंगाळात बसवला की तो वर्षानुवर्षे चालतो. लोखंडी फ्रेम, बांबूच्या कामट्या, जुन्या नऊवारीचे पडदे, पितळी समया, हे सगळे पुन्हा पुन्हा वापरता येते. फक्त ते कोणीतरी सावकाश सोडवून, पुसून, मोजून परत आणावे लागते. त्या माणसाचा तास कोणी धरतच नाही. तुमच्या अध्यक्षाने तो धरून पाहिला, तर एका वधूपित्याने कोटेशनमधली उतरवणीची ओळ पाहून विचारले, ‘‘फुलं टाकून द्यायचे पण पैसे घेता?’’ आणि काम दुसऱ्याला दिले. लग्नानंतर मोरी तुंबली, आत हिरवा चिखल सापडला. हॉलवाल्याने डिपॉझिटमधून जी रक्कम कापली, ती त्या खोडलेल्या ओळीपेक्षा जास्त होती. धाकटीच्या लग्नाला हेच गृहस्थ आपण होऊन आले. खर्चावरचा वाद तुमच्या अध्यक्षापुरता तिथेच मिटला.

फुलांचेही तेच. मुंबईत सिद्धिविनायकाला वाहिलेल्या फुलांपासून कापड रंगवले जाते, कानपुरात ‘फूल’ ही कंपनी देवळातल्या फुलांची उदबत्ती करते. लग्नातला झेंडूही तसाच वापरता येईल, पण त्यात तार, चमकी आणि फोमचा भुगा असेल तर त्याला कोण हात लावणार? निवडायला माणूस हवा आणि माणसाला वेळ हवा. आपल्या जुन्या लग्नांत तो वेळ धरलेला असे. मंडप घालून देवक बसवायचे, तसेच लग्नानंतर देवकोत्थापन आणि मंडपोद्वासनही रीतसर व्हायचे. वासे ज्याचे त्याला परत जायचे, केळीचे खुंट गुरांपुढे पडायचे. उतरवणे हाही कार्याचाच भाग होता. आता देवक उठते, पण मंडपाचा निरोप जेसीबीच्या घाईने होतो.

यंदा काय करणार, असे कार्यवाह विचारतील. नमुना दरपत्रक करायचे आहे, जाळी आणि खुंटावरच्या कामाची कार्यशाळा घ्यायची आहे, पुण्यात मार्केट यार्डाजवळ सामाईक सामानासाठी जागा मिळते का ते बघायचे आहे. समिती नेमू, तपशील पुढच्या बैठकीत ठरवू.

एक काम मात्र समितीशिवाय होण्यासारखे आहे. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतील. तेव्हा जाईल त्या पहिल्या कोटेशनमध्ये उतरवणीची ओळ घाला, तिच्यापुढे आकडा लिहा, आणि गिऱ्हाईकाने ती खोडली तर ते काम घेऊ नका.