सतराचा पाढा



पाढा चुकला म्हणून सरांनी मला बाकावर उभं केलं होतं. आज मंचावर उभं केलंय, तर त्याच पाढ्याबद्दल बोलतो.

२०२१च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला. आठ दिवस ऑक्सिजनवर होतो. दोन महिन्यांनी बँकेत परतलो आणि साधी बेरीज जुळेना. एका रात्री मनात सतराचा पाढा म्हणून पाहिला. सतरा साती म्हटलं आणि पुढे काही येईना. घाबरलो. पण घरी कुणाला बोललो नाही. वर्षभर लपवलं, ही माझी मोठी चूक.

शेवटी बायकोनेच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आजार किती तीव्र होता, लक्षणं किती काळ रेंगाळली, यावर बरंच अवलंबून असतं. पुढे वाचनात आलं, की लंडनच्या इंपिरियल कॉलेजने इंग्लंडमधल्या लाखाहून अधिक लोकांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासली. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. कोविड न झालेल्यांच्या तुलनेत पूर्ण बऱ्या झालेल्यांत बुद्ध्यंकाच्या मापाने सरासरी ३ गुणांची घट दिसली, लक्षणं न गेलेल्यांत ६, तर अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत ९. साथीच्या सुरुवातीच्या विषाणूंनी जास्त त्रास दिला. लशीचे दोन डोस घेतलेल्यांना थोडा फायदा झाला.

पण सरासरी म्हणजे आपलं नशीब नव्हे. अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, वाढलेली साखर यांनीही डोकं मंदावतं, आणि यांवर इलाज आहे. माझं बी-१२ कमी निघालं. झोप तर कधीच उडाली होती. जिद्दीने दुप्पट काम करायला जायचो आणि दुसऱ्या दिवशी आडवा व्हायचो. मग वही जवळ ठेवली, एका वेळी एकच काम धरलं, दमण्याआधी थांबायला शिकलो. हळूहळू फरक पडला.

मित्रांनो, आपण सगळे आता साठीला टेकलो. आजारपणानंतर काही आठवेनासं झालं, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. घरी सांगा, तपासून घ्या.

आणि सर, परवा सतराचा पाढा शेवटपर्यंत म्हटला. एका ठिकाणी अडखळलो. पण तिथे मी शाळेतही अडखळायचो.