पुसू नये अशी पाटी

हेवी मेटल या कर्कश समजल्या जाणाऱ्या संगीतातील इंग्लिश गायक ऑझी ऑस्बॉर्न यांची ‘ट्रिब्यूट’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ साली निघाली. तीत मुख्यतः १९८१ सालचे जलसे आहेत. त्यांत साथ करणारा गिटारवादक रँडी ऱ्होड्स १९ मार्च १९८२ रोजी विमान-अपघातात वारला; वय अवघे २५.

हा तरुण आईच्या संगीतशाळेत शिकवीत असे आणि कीर्ती लाभल्यावरही स्वतः धडे घेत असे. मुद्रिकेच्या अखेरीस जमावाचा जयघोष नाही. आईसाठी रचलेल्या ‘डी’ या लहानशा रचनेची तालीम आहे. तो चुकतो, थांबतो, पुन्हा आरंभ करतो. गायकाने आपल्या मुद्रिकेत शेवटचे स्थान त्या तालमीस दिले.

चुकलेली पाटी मी विद्यार्थ्यांना तत्काळ पुसावयास लावीत असे. एखादी तरी जपून ठेवावयास हवी होती.