एकटीनं जायचं म्हणजे काय?

(नौपाडा, ठाणे येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय सायकलचा. काहीजणींना वाटेल, मारहाण, पोटगी, रेशन हे सगळं बाजूला ठेवून आज ही करमणूक कशाला? पण बाईनं एकटीनं, स्वतःच्या मर्जीनं घराबाहेर पडणं हा आपल्या कितीतरी प्रश्नांच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

जून २०२२ मध्ये पुण्याच्या प्रीती मस्के यांनी लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटर अंतर सायकलवर ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. वय ४५, दोन मुलांची आई. आजारपण आणि नैराश्य यांतून बाहेर येण्यासाठी त्यांनी चाळिशीत सायकल धरली होती. या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. तिथे समुद्रसपाटीच्या मानानं जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. बारालाचा ला ही खिंड ओलांडली की खाली सूरजताल हे सरोवर लागतं. त्यातून भागा नदी निघते, तांडी गावाशी ती चंद्रा नदीला मिळते आणि तिची चंद्रभागा होते.

चंद्रभागा म्हटलं की आपल्याला पंढरपूर आठवतं. आपल्या आज्या-पणज्या आळंदी-देहूहून तिथवर पायी गेल्या. म्हणजे बाईला लांबचा प्रवास झेपत नाही, हे खरं नाही. देवासाठी निघाली तर चालतं, माहेरी बाळंतपणाला निघाली तर चालतं. ‘मला डोंगर बघायचाय’ म्हणून निघाली, की घरातले विचारतात, ‘कशाला?’ हा ‘कशाला’ पुरुषाला कोणी विचारत नाही.

मस्के यांच्यासोबत सीमा रस्ते संघटनेच्या गाड्या होत्या, वैद्यकीय मदत होती. वाटेत दोनदा त्यांना ऑक्सिजन घ्यावा लागला. मग काहीजण म्हणतात, ‘ही एकटी कसली?’ मला गंमत वाटते. ज्याचा डबा बायको भरते, कपडे बायको धुते, मुलांचा अभ्यास बायको घेते, त्याच्या पराक्रमाला आपण त्याचा एकट्याचाच पराक्रम म्हणतो. मदत घेणं हा कमीपणा नव्हे. प्रश्न इतकाच, की ती मदत पुरुषाला न मागता मिळते आणि बाईला मागूनही मिळत नाही.

दुसरं उदाहरण पुण्याच्याच वेदांगी कुलकर्णीचं. २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिनं १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी पुरी केली. बराचसा प्रवास सामान लादून एकटीनं. कॅनडात अस्वल मागे लागलं. स्पेनमध्ये सुऱ्याचा धाक दाखवून तिला लुटलं. तरी ती पुढे गेली.

आता घरोघरी हेच ऐकू येईल, ‘बघा, म्हणूनच सांगत होतो!’ धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. तेव्हा घर म्हणजे सुरक्षित आणि रस्ता म्हणजे धोका, ही विभागणी कोणाच्या सोयीची आहे, हे आपण ओळखलं पाहिजे. रस्त्यावर धोका असेल तर रस्ता सुधारायचा. बाईला कोंडायचं नाही.

यावर कोणी म्हणेल, ही शिकल्यासवरल्या, ऐपत असलेल्या बायकांची चैन झाली. त्यांनी तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईकडे पाहावं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरांबरोबर सायकल शिकवायची, असं ठरलं. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या हजारो बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या. गावकऱ्यांनी टोमणे मारले. पण पाणी आणणं, बाजार करणं यातला वेळ वाचला, बसची वाट बघणं संपलं, आणि कुठं जायचं, कधी परतायचं हे बाई स्वतः ठरवू लागली. हिमालयातली खिंड आणि गावातला पाणवठा, दोन्हीकडची लढाई एकच आहे.

आता आपल्या नौपाड्याकडे येऊ. ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो. मासुंदा तलाव चालत जाण्याइतका जवळ, उपवन आणि येऊरचा डोंगर सायकलच्या टप्प्यात. आपल्यापैकी कितीजणी तिथं एकट्या, काही काम नसताना, नुसत्या जाऊन बसल्या आहेत? मुलीला शाळेसाठी सायकल मिळते, दहावी-बारावी झाली की ती भावाकडे जाते. लग्नानंतर तर विषयच संपतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. पहिली, रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना, ज्यांना येत नाही त्यांना आपण शिकवू. साठीच्या मैत्रिणींनीही यावं. दुसरी, पंक्चर काढायला आणि साखळी बसवायला प्रत्येकीनं शिकायचं, म्हणजे वाटेत कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. तिसरी, स्टेशनजवळ सायकली ठेवायला सुरक्षित जागा आणि गल्लीबोळात पुरेसे दिवे, ही मागणी सह्या गोळा करून महापालिकेकडे न्यायची.

आणि त्या रविवारी सकाळचा चहा ज्याचा त्यानं करून घ्यावा, हे घरी आधीच सांगून या.